बाळाचे औषध

(मोठ्या माणसांचे औषध आणि लहान मुलांचे औषध यांत फरक असतो. तो फक्त कमी-जास्त मापाचा नसतो, औषधाच्या रूपाचाही असतो. कोणत्या वयाच्या मुलाला कोणत्या रूपातले औषध द्यावे, ते कसे मोजावे आणि कसे पाजावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा की तुमचे घर कळमनुरीला आहे. रात्रीची वेळ आहे. बाहेर पाऊस पडतो आहे. तुमच्या दीड वर्षाच्या भावाला संध्याकाळपासून ताप आहे. अब्बा कामासाठी नांदेडला गेले आहेत. अम्मीने बाळाला मांडीवर घेतले आहे. दादी त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली आहे. अम्मी फळीवरून औषधाची एक बाटली काढते, तुमच्या हातात देते आणि म्हणते, "बेटा, वाच जरा. यावर काय लिहिले आहे? किती द्यायचे?"

घरातली सगळी माणसे तुमच्या तोंडाकडे पाहू लागतात. दादी उर्दू छान वाचते, पण बाटलीवर उर्दू नाही. दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता मराठीत असतो. आशाताई घरोघर वाटतात ती पत्रकेही मराठीतच असतात. बाटलीवरची अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात. या दोन्ही भाषा शाळेत शिकणारे घरात कदाचित तुम्ही एकटेच असाल. मग बाळाला काय द्यायचे आणि किती द्यायचे, हे वाचून सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ही जबाबदारी लहान नाही.

आता आपण आधी एक प्रश्न सोडवू. अब्बांना ताप आला की ते एक गोळी पाण्याबरोबर गिळतात. मग त्याच गोळीचा लहानसा तुकडा बाळाला दिला तर काय बिघडले?

पुष्कळ बिघडते. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. पोटात गेलेल्या औषधावर यकृत काम करते आणि उरलेले औषध मूत्रपिंडे शरीराबाहेर टाकतात. तान्ह्या बाळाचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात. त्यामुळे काही औषधे त्याच्या शरीरात जास्त वेळ राहतात. दुसरे असे, की बाळाचे वजन कमी असते. दहा किलो वजनाचे बाळ आणि साठ किलो वजनाचा माणूस यांना एकच माप कसे चालेल? म्हणून डॉक्टर बाळाला आधी काट्यावर ठेवतात आणि वजन पाहूनच औषधाची मात्रा ठरवतात. मात्रा म्हणजे एका वेळी द्यायचे औषधाचे माप. तुम्ही घरी त्याला खुराक म्हणता.

तिसरी गोष्ट गिळण्याची. गोळी न चावता पाण्याबरोबर गिळणे ही एक कला आहे. तुम्हाला ती येते, म्हणून सोपी वाटते. लहान मुलांना ती येत नाही. साधारण सहा वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांना अख्खी गोळी गिळता येत नाही. आपल्या घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका अगदी जवळजवळ असतात. बाळाची श्वासनलिका अरुंद असते. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात गोळी टाकली आणि ती श्वासनलिकेत अडकली, तर त्याचा श्वास कोंडतो. अशा वेळी जीवही जाऊ शकतो. तेव्हा औषध चांगले असून भागत नाही. ते बाळाला गिळता येईल अशा रूपातही असावे लागते.

जसजसे वय वाढते, तसतसे औषधाचे रूप बदलते. याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. आपल्या गावातल्या अंगणवाडीत आणि शाळेतच ती सापडतील.

पहिले रूप थेंबांचे. पोलिओचे 'दो बूंद' तुम्हाला ठाऊकच आहेत. आपल्या देशात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या तोंडात या लसीचे दोन थेंब टाकले जाऊ लागले. दोन थेंब नुकत्याच जन्मलेल्या बाळालाही गिळता येतात. सुई नको, चमचा नको, पाणी नको. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. एवढ्या मोठ्या कामात त्या दोन थेंबांच्या सोप्या रूपाचाही वाटा आहे.

दुसरे रूप पातळ औषधाचे. यालाच आपण सिरप म्हणतो. नऊ महिन्यांच्या बाळाला 'अ' जीवनसत्त्वाचे पातळ औषध एक मिलिलिटर पाजतात. पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन मिलिलिटर देतात. त्या बाटलीबरोबर एक चमचा मिळतो आणि त्यावर एक व दोन मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त वाढावे म्हणून सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना लोहाचे पातळ औषध आठवड्यातून दोनदा, एका वेळी एक मिलिलिटर देतात. तुमच्या शाळेत मात्र लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा मिळते. ती तुम्ही जेवणानंतर पाण्याबरोबर गिळता. औषध तेच, पण बाळासाठी ते पातळ झाले आणि तुमच्यासाठी गोळी झाले.

जंताच्या गोळीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी देतात. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण गोळी देतात. पण मूल तीन वर्षांपेक्षा लहान असेल, तर अंगणवाडीताई ती गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करतात आणि पाण्यात कालवून पाजतात. तीन वर्षांवरील मुलांना त्या गोळी चावून खायला सांगतात. ही गोळी अख्खी गिळायची नसते. असे का, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

काही औषधे पाण्यात फार दिवस टिकत नाहीत. कारखान्यात ती पाण्यात कालवून ठेवली, तर दुकानात येईपर्यंत निकामी होतील. म्हणून अशी औषधे कोरड्या पुडीच्या रूपात बाटलीत भरतात. काही अँटिबायोटिक औषधे अशी मिळतात. घरी आणल्यावर उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचे आणि बाटली चांगली हलवायची. पाणी खुणेच्या वर गेले, तर औषध फिके होईल. खुणेच्या खाली राहिले, तर कडक होईल. एकदा पाणी घातले की हे औषध लेबलवर लिहिलेल्या दिवसांतच, बहुधा सात दिवसांत, वापरायचे. उरले तर पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवायचे नाही.

आता एका नव्या रूपाची ओळख करून घेऊ. ही आहे पाण्यात विरघळणारी गोळी. मुलांसाठी वेगळी औषधे असावीत, हा विचार जगात तसा उशिरा पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना लागणाऱ्या आवश्यक औषधांची पहिली वेगळी यादी २००७ साली काढली. त्यानंतर तज्ज्ञांनी असा विचार मांडला, की गरीब आणि दूरच्या भागांतील मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी फार सोयीची आहे. असे का? सिरपची बाटली जड असते. वाटेत फुटते. एकदा उघडली की तिचे दिवस मोजावे लागतात. गोळ्यांचे पाकीट मात्र हलके असते आणि पुष्कळ दिवस टिकते. कळमनुरी तालुक्यातल्या इसापूर धरणाकडच्या एखाद्या वाडीवर जाणाऱ्या आशाताईंच्या पिशवीचा विचार करा. त्या पिशवीत बाटल्या किती मावतील आणि पाकिटे किती मावतील?

हगवण लागलेल्या मुलाला द्यायची झिंकची गोळी अशीच असते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे दहा मिलिग्रॅम, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला एक गोळी, म्हणजे वीस मिलिग्रॅम, असे तिचे माप आहे. ती रोज एकदा, चौदा दिवस द्यायची असते. हगवण तीन दिवसांत थांबली तरी गोळी थांबवायची नसते. ती कशी द्यायची ते पाहा. स्वच्छ चमच्यात उकळून गार केलेले थोडे पाणी घ्या. बाळ अंगावर पिणारे असेल, तर आईचे दूध घ्या. त्यात गोळी टाका. थोड्या वेळात ती आपोआप विरघळते. मग चमचा बाळाच्या ओठाला लावून हळूहळू पाजा. चमच्याच्या तळाशी औषध राहिले, तर त्यात पुन्हा थोडे पाणी घालून तेही पाजा. पण गोळी मोठ्या पेल्यात किंवा दुधाच्या भरलेल्या वाटीत टाकू नका. बाळाने अर्धे दूध टाकून दिले, तर अर्धे औषधही वाया जाईल.

या गोळीबरोबर जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस., द्यायची असते. साखर आणि मीठ यांचे हे साधे मिश्रण. त्याचे मोल १९७१ साली जगाला कळले. बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजायला सांगितले. रुग्णांचे नातेवाईकच पेल्याने ते पाजू लागले. शंभरांतले सुमारे तीस रुग्ण दगावत होते. ते प्रमाण तीन-चारांवर आले. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा किताब देण्यात आला. मोठ्या पाकिटातली पूड एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवायची असते. पाणी कमी घेतले, तर मिठाचे प्रमाण वाढून बाळाला अपाय होतो. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. एकदा तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

आता पुन्हा त्या रात्रीकडे वळू. तुमच्या हातात तापाच्या औषधाची बाटली आहे. बाटलीवर पॅरासिटामॉल हे नाव आहे. पण तेवढे वाचून पुरत नाही. हे एकच औषध बाजारात निरनिराळ्या बाटल्यांत मिळते. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. एका प्रकारच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असते. दुसऱ्या प्रकारच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम असते.

समजा, बाळाचे वजन दहा किलो आहे आणि डॉक्टरांनी त्याला एका वेळी १५० मिलिग्रॅम औषध सांगितले आहे. आता हिशोब करा. थेंबांच्या बाटलीतून दीड मिलिलिटर लागेल. कडक सिरपमधून तीन मिलिलिटर लागेल. फिक्या सिरपमधून सहा मिलिलिटर लागेल. बाळ तेच, ताप तोच, औषधाचे नावही तेच. पण तीन बाटल्यांची तीन मापे झाली! आता कोणी म्हणाले, "मागच्या वेळी सहा मिलिलिटर दिले होते, तेवढेच दे," आणि हातात मात्र थेंबांची बाटली असली, तर काय होईल? बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे चौपट. छोटी बाटली दिसते म्हणून तिच्यातले औषध सौम्य असेल असे आपल्याला वाटते. खरे तर तेच सर्वांत कडक असते. हे औषध जास्त झाले, तर यकृताला इजा होते. हा हिशोब मात्र समजण्यासाठी आहे. मात्रा डॉक्टरच ठरवतील. तुमचे काम ती नीट वाचण्याचे आणि नीट मोजण्याचे आहे.

मोजायचे कशाने? बहुतेक घरांत औषध चमच्याने देतात. पण कोणत्या चमच्याने? चहाचा, साखरेच्या डब्यातला, की पाहुण्यांसाठी ठेवलेला? एका चमच्यात तीन मिलिलिटर मावते, तर दुसऱ्यात सात. म्हणून बाटलीबरोबर मिळालेले मापाचे टोपण किंवा थेंबनळीच वापरावी. टोपण सपाट जागेवर ठेवावे आणि डोळे खुणेच्या पातळीवर आणून पाहावे. वरून पाहिले, तर माप चुकते. एका बाटलीची थेंबनळी दुसऱ्या बाटलीला वापरू नये. फार थोडे औषध मोजायचे असेल, तर सुई नसलेली पिचकारी चांगली. ती औषधांच्या दुकानात मिळते.

'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा' ही सूचना तुम्ही अनेकदा वाचली असेल. ती उगाच लिहिलेली नसते. ताकाचा तांब्या थोडा वेळ ठेवला, तर वर पाणी आणि खाली दाट ताक राहते. काही पातळ औषधांचेही तसेच होते. बाटली हलवली नाही, तर पहिले काही दिवस बाळाला नुसते गोड पाणी मिळेल आणि शेवटी तळाचे कडक औषध मिळेल.

पाजण्याचीही एक रीत आहे. बाळाला आडवे झोपवून औषध पाजू नका. मांडीवर टेकवून, डोके थोडे उंच धरून बसवा. नाक दाबू नका. ते रडत असेल, तर आधी शांत करा. पिचकारीचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि औषध थोडे थोडे सोडा. एक घोट गिळला की दुसरा द्या. औषध घशात एकदम ओतले, तर ठसका लागतो. "ही बघ मिठाई" असे म्हणून गोळी कधीही देऊ नका. उद्या तुमचे लक्ष नसताना ते मूल ती 'मिठाई' शोधून सगळे पाकीट खाईल. म्हणूनच औषधे उंचावर, कुलपात ठेवावीत.

मोठ्यांची गोळी चुरून बाळाला देण्याचा मोह होतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तसे करू नये. काही गोळ्या शरीरात बारा-बारा तास हळूहळू सुटतील अशा बनवलेल्या असतात. त्या चुरल्या की सगळे औषध एकदम सुटते. चुऱ्याचा अर्धा भाग आणि पाव भाग हाताने अचूक करताही येत नाही.

आपल्या आजी-दादींनाही बाळाच्या औषधाचे मर्म ठाऊक होते. मराठी घरांत बाळगुटी असते. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ अशी द्रव्ये सहाणेवर दुधात उगाळून बाळाला चाटवत. आजी वळसे मोजत असे. बाळ लहान असताना एकेक वळसा, मोठे झाले की दोन-दोन. बाळाला कडक मुळी चालत नाही, ती पातळ करून, मोजून आणि वयाप्रमाणे द्यावी लागते, हे तिला कळत होते. तुमच्या घरांतही घुट्टीची चाल असेल. तिच्यामागची माया खरी आहे. पण आज डॉक्टर सांगतात, की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. मधात कधी कधी असे जंतू असतात, की ते मोठ्यांना त्रास देत नाहीत, पण तान्ह्या बाळाला गंभीर आजारी पाडतात.

मित्रांनो, दोन दुःखद गोष्टी सांगायलाच हव्यात. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, पोलिओ लसीऐवजी हात स्वच्छ करण्याच्या द्रावाचे थेंब बारा मुलांना पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती बचावली. बाटलीवरचे नाव एकदा वाचले असते, तर हा प्रसंग आलाच नसता. दुसरी गोष्ट २०२५ सालची आहे. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचे एक दूषित औषध घेऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या काहींवर नागपूरला उपचार चालले होते. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे विष मिसळले गेले होते आणि त्याने मुलांची मूत्रपिंडे बंद पडली. हा दोष आईबापांचा नव्हता. बाटली पाहून त्यांना ते कळणे शक्यच नव्हते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची आणि सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. म्हणजे काही वेळा औषध न देणे हेच योग्य ठरते. हेही शिकायला हवे.

तर त्या पावसाळी रात्री तुम्ही काय कराल? दिव्याजवळ जाऊन आधी औषधाचे नाव वाचाल. मग एका मिलिलिटरमध्ये किंवा पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते पाहाल. मुदत संपल्याची तारीख पाहाल. डॉक्टरांची चिठ्ठी शोधून त्यावर याच बाळाचे नाव आहे का, वजन आणि माप काय लिहिले आहे, ते ताडून पाहाल. शेवटची मात्रा किती वाजता दिली, हे अम्मीला विचाराल. सगळे जुळले, तर टोपणाने मोजून अम्मीच्या हातात द्याल. आणि एखादी गोष्ट जुळली नाही तर? तर "अम्मी, हे औषध आता द्यायचे नाही. आधी विचारू या," असे धीटपणे सांगाल. 'मला नक्की कळत नाही' असे म्हणण्यात कमीपणा नाही. बाळाचे जाड कपडे काढा, त्याला दूध पाजत राहा आणि आशाताईंना फोन करा. सकाळी दवाखान्यात न्या. मात्र बाळ दूध पीत नसेल, प्यायलेले सगळे ओकत असेल, त्याला झटके येत असतील, श्वास फार जलद चालत असेल किंवा ते गळून जाऊन डोळे उघडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. तान्हे बाळ दोन महिन्यांपेक्षाही लहान असेल, तर नुसता ताप आला तरी त्याला तातडीने दवाखान्यात न्या.

एके काळी कळमनुरी निजामाच्या राज्यात होती आणि कचेरीचे कागद उर्दूत असत. तेव्हा गावातली मराठी माणसे आपले कागद वाचून घ्यायला उर्दू जाणणाऱ्याकडे जात. आज दवाखान्यातले कागद मराठीत असतात, आणि दादी तुमच्याकडे येते. कोणतीही भाषा शिकली, तर ती अशी कोणाच्या तरी उपयोगी पडते. उद्या शेजारची एखादी खाला किंवा मावशी बाळाचे औषध घेऊन दारात आली, तर तिला बसवा आणि सावकाश, स्वच्छ आवाजात वाचून दाखवा.

शब्दार्थ

मात्रा – औषधाचे एका वेळचे माप, खुराक
यकृत – जिगर, कलेजा
मूत्रपिंड – गुर्दा
श्वासनलिका – श्वास आत-बाहेर जाण्याची नळी
टोपण – बाटलीचे झाकण
पटकी – हैजा
निर्वासित – घरदार सोडून आलेले लोक, पनाहगीर
सहाण – उगाळण्याचा दगड
दगावणे – मरण पावणे
मर्म – खरी महत्त्वाची गोष्ट, भेद
ताडून पाहणे – जुळवून पाहणे, खात्री करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टर बाळाचे वजन का करतात?
(आ) पाणी घातलेले कोरडे औषध साधारण किती दिवसांत वापरावे?
(इ) झिंकची गोळी किती दिवस द्यायची असते?

२. कारणे सांगा.
(अ) लहान मुलांना अख्खी गोळी देत नाहीत.
(आ) औषधाची बाटली वापरण्यापूर्वी हलवावी लागते.
(इ) गोळीला मिठाई म्हणू नये.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत गोंधळ झाला तर काय होईल?
(आ) दूरच्या वाडीसाठी विरघळणारी गोळी सोयीची का आहे?

४. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
जबाबदारी, मोजणे, सावकाश, धीटपणे

५. करून पाहा.
घरातील पाच वेगवेगळे चमचे घ्या. औषधाच्या रिकाम्या बाटलीचे मापाचे टोपण स्वच्छ धुऊन घ्या. प्रत्येक चमच्यात किती मिलिलिटर पाणी मावते ते मोजा आणि वहीत लिहा. तुम्हाला काय आढळले, ते घरातील मोठ्या माणसांना सांगा.